पाण्यात काही मिसळल्याची शंका आल्यावर रीफ टाकीतील प्रवाळ कसे सावरावेत

रीफ टाकीतील, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील, निरनिराळ्या जातींचे प्रवाळ एकाच दिवशी मिटून बसले, त्यांच्या अंगावर चिकट स्राव दिसू लागला, गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडल्या किंवा कोळंबी तडकाफडकी मेली, तर पाण्यात काहीतरी अपायकारक उतरल्याची शंका घेणे रास्त आहे. एकच प्रवाळ आजारी पडला आणि त्याच्या शेजारचे सगळे नेहमीसारखे फुललेले असले, तर कारण बहुधा त्या प्रवाळापुरतेच असते: शेजाऱ्याच्या दंशपेशी लागलेल्या असतात, किडीचा उपद्रव असतो, किंवा प्रकाश वा प्रवाह त्याला मानवलेला नसतो. दूषित पाणी मात्र टाकीभर फिरते, आणि जो जीव जितका नाजूक तितका तो आधी कोसळतो.

या लेखातील पायऱ्यांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. अशा प्रसंगी नवखा माणूस जे काही करतो त्यातील बहुतेक गोष्टी योग्यच असतात, परंतु त्या सगळ्या एकाच संध्याकाळी आणि उलट्या क्रमाने केल्या जातात. आधी निम्मी टाकी रिकामी होते, मग बाटल्यांतील औषधे पडतात, मग प्रवाळ उचलून इकडून तिकडे हलवले जातात, आणि शेवटी पाणी तपासायला हवे होते याची आठवण होते. तोवर तपासण्यासारखे पाणी उरलेले नसते आणि मूळ कारण टाकीत तसेच पडून असते. विषाच्या पहिल्या तडाख्यातून वाचलेले प्रवाळ नंतरच्या धावपळीत दगावतात, असेच बहुधा घडते, म्हणून पुढील मजकूर एकदा पूर्ण वाचून मगच टाकीत हात घालावा.

पाणी बदलण्याआधी नमुना

झाकणाची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली टाकीच्याच पाण्याने दोन-तीनदा विसळावी, अर्धा ते एक लिटर पाणी काठोकाठ भरून घ्यावे आणि बाटलीवर तारीख व वेळ लिहावी. या कामाला पाच मिनिटे लागतात, पण पुढे कारण सिद्ध करायचे असेल तर याच बाटलीचा आधार असतो, कारण पाणी बदलल्यावर आणि पाणी गाळणारा सक्रिय कार्बन लावल्यावर ज्या पदार्थाचा शोध घ्यायचा तोच विरळ झालेला असतो. प्रयोगशाळेकडून आयसीपी तपासणी करून घेता येत असेल, तर तिच्यासाठी दिलेल्या नळ्याही याच वेळी भरून ठेवाव्यात. आयसीपी तपासणीत तांबे, जस्त, लोह, निकेल, अ‍ॅल्युमिनियम यांसारखी मूलद्रव्ये अतिशय कमी प्रमाणातही दिसतात. कीटकनाशक, साबण, रंगाचे द्रावक किंवा अत्तरे यांसारखे सेंद्रिय पदार्थ मात्र तिच्यात दिसत नाहीत, त्यामुळे अहवाल निर्दोष आला म्हणजे पाणी निर्दोष होते असे समजू नये. शिवाय अहवाल यायला दिवस लागतात. त्याची वाट पाहत पुढील पायऱ्या थांबवू नयेत.

बाटली भरली की वही घ्यावी आणि मागील तीन-चार दिवसांत टाकीत व टाकीच्या खोलीत काय काय झाले ते आठवून लिहावे. मिठाची नवी बादली उघडली होती का, कोणते उपकरण नव्याने बसवले, भिंतीला रंग दिला का, फरशी कशाने पुसली, डासांसाठी किंवा झुरळांसाठी फवारणी झाली का, आजारी माशांच्या वेगळ्या टाकीतली जाळी किंवा बादली इकडे वापरली गेली का, घरातल्या दुसऱ्या कोणी टाकीत हात घातला होता का, हे सर्व लिहावे. घरच्यांना विचारताना दोष देण्याचा सूर ठेवू नये, नाहीतर खरे उत्तर मिळत नाही.

नेहमीच्या चाचण्या

विषाची शंका घेण्यापूर्वी साधी कारणे बाद करावीत, कारण लवणता किंवा अल्कॅलिनिटी (आम्ल निष्प्रभ करण्याची पाण्याची क्षमता) अचानक बदलली तरी टाकी हुबेहूब विषबाधा झाल्यासारखीच दिसते. लवणता दर हजारी ३५ भागांच्या आसपास, म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ असावे, तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, अल्कॅलिनिटी ७ ते ११ डीकेएच (ती मोजण्याचे एकक), कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅमच्या दरम्यान, पीएच ७.८ ते ८.४, आणि जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया शून्य. या मर्यादांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आपल्या टाकीच्या नेहमीच्या आकड्यांना आहे. कायम ८ डीकेएचवर असलेली टाकी आज ११ वर गेली असेल, तर ११ हा आकडा वरच्या मर्यादेत बसतो म्हणून समाधान मानता येत नाही. डोसिंग पंप अडकून रात्रभर द्रावण सोडत राहिला असण्याची ती खूण आहे.

लवणता मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर विश्वास ठेवण्याआधी तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्यावा, नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे बरोबर आहे असे धरू नये. बाष्पीभवनाची तूट भरून काढणारी स्वयंचलित यंत्रणा अडकली की टाकीत गोडे पाणी भरत राहते, आणि त्याची पहिली खूण लवणतेत दिसते. तापमान हाताला जाणवून ठरवू नये. दुसऱ्या तापमापकाने ताडून पाहावे, कारण हीटर चालूच राहणे हा नेहमीचा बिघाड आहे. अमोनिया दिसला, तर खडकांमागे एखादा मोठा मासा किंवा समुद्री काकडी मरून पडलेली नाही ना, हे पाहावे.

तांब्याच्या घरगुती चाचणीबद्दल एक सावधगिरी. माशांवरील उपचारात आयनी स्वरूपातील तांबे लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम इतके ठेवतात, आणि बहुतेक घरगुती चाचणीसंच याच पातळीच्या आसपास तांबे दाखवण्यासाठी बनवलेले असतात. प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना याहून बरेच कमी तांबेही अपाय करते. म्हणून अशा चाचणीत रंग उमटला तर तांबे आहे हे नक्की समजावे. रंग उमटला नाही तर काहीही सिद्ध झाले नाही, असे समजावे.

कोण आधी कोसळले

टाकीतले जीव स्वतःच बऱ्यापैकी साक्ष देतात. मासे पोहत आहेत, खात आहेत, पण कोळंबी, खेकडे आणि गोगलगायी मरत आहेत, असे चित्र असेल तर तांब्यासारखे धातू किंवा कीटकनाशक यांकडे बोट जाते. डासांवरील व झुरळांवरील फवाऱ्यांत वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील रसायने कोळंबी-खेकड्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात, आणि प्रमाण वाढले तर मासेही सुटत नाहीत. मासेच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, तर क्लोरीन, अमोनिया किंवा ऑक्सिजनची कमतरता यांचा विचार आधी करावा. बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातील घाण वेगळी करणारा स्किमर एकाएकी फेसाने ओसंडू लागला, तर साबण, पाण्याचे कंडिशनर किंवा तत्सम पृष्ठक्रियाशील पदार्थ पाण्यात गेला असण्याची शक्यता आहे. सगळे आठवड्यामागून आठवडे हळूहळू फिकट होत चालले आहेत आणि कोणताही ठळक प्रसंग आठवत नाही, अशा वेळी कुठेतरी गंजणारा धातू शोधावा. या केवळ दिशा आहेत. एकाच टाकीत दोन कारणे एकत्र असू शकतात, आणि मेलेल्या गोगलगायींमुळे वाढलेला अमोनिया मूळ कारणाला सहज झाकून टाकतो.

उगम शोधणे आणि बाहेर काढणे

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण उगम टाकीतच राहिला तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. हात घालण्यापूर्वी टाकीतील विजेची सर्व उपकरणे प्लगपासून सोडवावीत. तडा गेलेला हीटर पाण्यात वीज सोडू शकतो, आणि तो धोका प्रवाळांआधी माणसाला आहे. हातांना क्रीम, सॅनिटायझर किंवा साबणाचा अंश असू नये. लांब हातमोजे घालणे सर्वांत चांगले.

पहिला संशय चुंबकांवर घ्यावा. पंपाचा फिरता भाग, प्रवाह निर्माण करणाऱ्या वेव्हमेकरचा काचेबाहेरचा-आतला जोड, काच घासण्याचे चुंबक आणि फ्रॅग, म्हणजे प्रवाळांचे कापलेले तुकडे, ठेवण्याचे चुंबकी रॅक यांत लोह असलेले चुंबक प्लॅस्टिकच्या किंवा इपॉक्सीच्या आवरणात बंद केलेले असतात. आवरणाला केसाएवढी चीर पडली तरी खारे पाणी आत शिरते, चुंबक फुगतो आणि गंज बाहेर येऊ लागतो. म्हणून प्रत्येक पंप उघडावा, आतला भाग पुसून उजेडात पाहावा, तपकिरी डाग, फुगवटा किंवा आवरणाचा उललेला भाग दिसला तर तो भाग त्याच क्षणी बाद करावा. चुंबक वरून ठीक दिसतो म्हणून परत लावून टाकण्याचा मोह होतो, पण निदान फुगवटा हाताने चाचपून पाहिल्याशिवाय तसे करू नये.

त्यानंतर नळीवरचे धातूचे क्लॅम्प, स्क्रू, स्प्रिंगा, पितळी जोड आणि टाकीच्या वर टांगलेले दिवे पाहावेत. दिव्याच्या चौकटीवर साचलेले मीठ धातू खात असते आणि तो हिरवट किंवा तपकिरी पाझर थेंबाथेंबाने थेट टाकीत पडतो; ही जागा पाण्याबाहेर असल्यामुळे तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाणी थंड करणाऱ्या यंत्रातील पाण्याला लागणारी नळी टायटॅनियमची असावी, कारण टायटॅनियम खाऱ्या पाण्यात टिकते. तांब्याची नळी असलेले यंत्र रीफ टाकीला चालत नाही. घरात लहान मुले असतील तर खडकांच्या सांध्यांत आणि सम्पच्या (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीच्या) तळाशी नाणी, खेळण्यांचे भाग आणि विशेषतः बटणासारख्या छोट्या बॅटऱ्या शोधाव्यात.

मग टाकीला येणारे पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असते, आणि तांब्याच्या नळांत रात्रभर थांबलेल्या पाण्यात तांबे उतरलेले असू शकते. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय यंत्रातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण) शून्य किंवा एक असावा. तो चढू लागला म्हणजे डीआय रेझिन (पाण्यातील आयन पकडणारे दाणे) संपत आलेले आहे. टीडीएस मीटर विद्राव्य आयनांचाच अंदाज देतो, क्लोरीन तो दाखवत नाही, म्हणून यंत्राच्या कार्बन टप्प्यानंतरच्या पाण्यात क्लोरीन आहे का हे वेगळ्या चाचणीने पाहावे. क्लोरामाइन साध्या कार्बनमधून बरेचसे निसटते आणि त्याच्यासाठी अधिक क्षमतेचा कार्बन लागतो. शुद्ध पाणी साठवण्याची पिंपे आणि मीठ मिसळण्याची बादली पूर्वी कशासाठी वापरली होती, हेही तपासावे. ज्या बादलीत एकदा फरशी पुसण्याचे द्रव गेले ती बादली टाकीसाठी पुन्हा कधी वापरू नये.

शेवटचा उगम हवेचा, आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. स्किमर खोलीतील हवा सतत ओढून तिचे बारीक बुडबुडे पाण्यात मिसळत असतो, म्हणजे खोलीत जे उडाले ते स्किमरवाटे पाण्यात उतरते. रंगाचा वास, डासांचे फवारे, खोली सुगंधी करणारी स्प्रे, केसांवरचे स्प्रे, स्वयंपाकघरातील ओव्हन साफ करण्याचे फेस हे सगळे या मार्गाने टाकीपर्यंत पोहोचतात. अशा वेळी खिडक्या उघडून खोली हवेशीर करावी, आणि शक्य असेल तर स्किमरच्या हवेच्या नळीचे टोक घराबाहेरच्या स्वच्छ हवेत न्यावे.

उगम नेमका सापडला नाही, तरी ज्यांवर संशय आहे त्या सर्व वस्तू एकाच वेळी बाहेर काढाव्यात. कोणत्या वस्तूने बिघाड केला हे शोधण्याची हौस नंतर भागवता येते. आत्ता फक्त आणखी विष येणे थांबवायचे आहे. पंप काढावा लागला तर प्रवाह आणि हवा देण्यासाठी दुसरा साधा पंप किंवा एअरस्टोन आधी हाताशी ठेवावा, कारण पाण्याची हालचाल थांबली की ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो.

पाणी किती आणि कसे बदलावे

पाणी बदलणे हा विरळ करण्याचा उपाय आहे, आणि त्याचे गणित सुरुवातीला अनेकांची फसगत करते. रोज ३० टक्के याप्रमाणे तीन दिवस पाणी बदलले, तर बेरजेने ९० टक्के पाणी बदलले असे वाटते, पण प्रत्येक वेळी काढलेल्या पाण्यात थोडे नवे पाणीही असते, त्यामुळे मूळ दूषितापैकी सुमारे ३४ टक्के शिल्लक राहते. २५ टक्के याप्रमाणे चार वेळा बदलले तर सुमारे ३२ टक्के उरते. एकदाच ५० टक्के बदलले तर ५० टक्के. या तिन्हींत मला पहिला मार्ग बरा वाटतो, कारण त्यात प्रवाळांना बसणारा प्रत्येक धक्का एकदम निम्मे पाणी बदलण्यापेक्षा लहान असतो. पण तीव्र विषबाधा उघड असेल, उदाहरणार्थ टाकीत साबणाचे पाणी सांडले असेल, तर एकदम निम्मे पाणी बदलण्यास कचरू नये. टाकीत क्लोरीन उतरल्याची खात्री असेल तर सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीननाशक लगेच घालावे. ते काही मिनिटांतच काम करते.

नवे पाणी शंकास्पद नसावे, हे सांगायला सोपे आणि विसरायला त्याहून सोपे. आरओ-डीआय यंत्र किंवा मिठाची नवी बादलीच संशयाच्या घेऱ्यात असेल, तर त्याच पाण्याने टाकी बदलणे म्हणजे दूषित भर घालणे होय. अशा वेळी दुसऱ्या विश्वासू ठिकाणचे शुद्ध पाणी आणि दुसऱ्या बादलीतील मीठ वापरावे, आणि ते मिळेपर्यंत कार्बनवर भागवावे. मीठ मिसळलेले पाणी पंप लावून, हवा देऊन, शक्यतो एक दिवस फिरत ठेवावे आणि टाकीत घालण्यापूर्वी त्याचे तापमान, लवणता व अल्कॅलिनिटी टाकीशी ताडून पाहावी. काही मिठांचे पाणी ११ डीकेएच किंवा त्याहून अधिक भरते. ७ डीकेएचच्या टाकीत असे ३० टक्के पाणी एकदम घातले तर अल्कॅलिनिटी सुमारे ८.२ वर जाते, आणि जखमी प्रवाळांना एका दिवसात याहून मोठी उडी सोसत नाही. जुने पाणी काढताना सायफनने मेलेले जीव, सुटलेली ऊती आणि तळाचा गाळ ओढून घ्यावा, पण वाळूचा थर खोलवर उपसू नये.

कार्बन, रेझिन आणि बाकीच्या बाटल्या

सक्रिय कार्बन सेंद्रिय पदार्थ शोषतो: कीटकनाशके, द्रावके, सुगंध, आणि घाबरलेल्या प्रवाळांनी एकमेकांविरुद्ध पाण्यात सोडलेली रसायनेही. तो शुद्ध पाण्यात धुवून घ्यावा, म्हणजे काळी भुकटी टाकीत जात नाही, आणि पाणी त्याच्यामधून वाहील अशा जागी, रिअ‍ॅक्टरमध्ये किंवा जाळीदार पिशवीत ठेवावा. नुसता सम्पच्या कोपऱ्यात टाकून ठेवलेला कार्बन फारसे काम करत नाही. अशा प्रसंगी पहिला कार्बन तीन-चार दिवसांनी टाकून नवा भरावा, कारण तो लवकर भरतो. कार्बन पाण्यातील पिवळसरपणा काढतो, त्यामुळे तोच दिवा पूर्वीपेक्षा तीव्र होऊन प्रवाळांवर पडतो. म्हणून कार्बन लावण्याच्याच दिवशी प्रकाश कमी करावा.

धातूंसाठी कार्बनवर विसंबून राहू नये. त्यांच्यासाठी धातू पकडणारी रेझिने मिळतात, जसे क्युप्रीसॉर्ब, आणि पॉलीफिल्टरसारखे पॅड मिळतात. पॉलीफिल्टरचा एक उपयोग असा की तो शोषलेल्या पदार्थानुसार रंग बदलतो: तांबे असेल तर निळसर-हिरवट, लोह असेल तर नारिंगी-तपकिरी. गंजलेल्या चुंबकाचा संशय खरा होता की नाही, हे कधीकधी दोन दिवसांत या पॅडवरूनच कळते. कार्बन आणि रेझिन एकत्र वापरायला हरकत नाही.

फॉस्फेट काढणारी माध्यमे, जिवाणूंच्या बाटल्या, आयोडीन, अमिनो आम्ले, सूक्ष्म घटकांचे डोस हे सगळे काही आठवड्यांसाठी कपाटात ठेवावे. यांतले काही वाईट आहे म्हणून नव्हे. टाकीत काय बदलले आणि त्याचा परिणाम काय झाला हे कळण्यासाठी बदल कमीत कमी हवेत म्हणून. अल्कॅलिनिटी आणि कॅल्शियमचे डोसही मोजूनच द्यावेत. आजारी प्रवाळ सांगाडा बांधणे थांबवतात, त्यामुळे त्यांचा खप घटतो, आणि जुनेच डोस चालू राहिले तर अल्कॅलिनिटी चढत जाते.

प्रवाळांची हाताळणी

प्रवाळाच्या ऊतीत राहणारी सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करतात आणि प्रवाळाची बरीचशी गरज भागवतात. ही शैवाले जखमी असताना तीव्र प्रकाश पडला, तर त्यांच्यातून ऑक्सिजनची घातक रूपे बाहेर पडतात आणि ऊतीला अधिक इजा होते. म्हणून दिव्याची तीव्रता निम्म्यावर आणावी, प्रखर प्रकाशाची वेळ सहा तासांच्या आसपास ठेवावी, आणि स्थिती थांबल्यावर, म्हणजे नवी हानी दिसेनाशी झाल्यावर, दर आठवड्याला पाच ते दहा टक्क्यांनी वाढवत न्यावी. बरे होत असलेले प्रवाळ रंग धरू लागले की हा वेग वाढवावासा वाटतो, वाढवू नये. प्रवाह मध्यम आणि आडून आलेला असावा, अंगावरचा चिकट स्राव धुवून नेण्याइतका, ऊती सुटून येण्याइतका नव्हे.

पांढरा पडलेला प्रत्येक प्रवाळ मेलेला नसतो. शैवाले निघून गेली तरी पारदर्शक ऊती सांगाड्यावर शिल्लक असते. ती ओलसर, किंचित चमकदार दिसते आणि रात्री तिच्यातून लहान स्पर्शिका बाहेर येताना दिसतात. उघडा सांगाडा याउलट रुक्ष आणि खडूसारखा असतो, आणि काही दिवसांत त्याच्यावर हिरवट किंवा तपकिरी शैवालाचा थर चढतो. हा फरक ओळखल्याशिवाय कोणताही प्रवाळ टाकून देऊ नये.

जातीनुसार वागणूक बदलते. फांद्यांचे एसपीएस (लहान पॉलिपांचे कठीण) प्रवाळ बुडापासून ऊती सोडू लागले, तर पूर्ण वसाहत एका दिवसातही उघडी पडू शकते. तेव्हा निरोगी भागात, सुटत्या कडेपासून एक-दोन सेंटिमीटर वर, तुकडा कापून घ्यावा आणि दुसरी स्थिरावलेली, स्वच्छ टाकी उपलब्ध असेल तर तिथे हलवावा. मांसल एलपीएस (मोठ्या पॉलिपांच्या कठीण) प्रवाळांवर तपकिरी, जेलीसारखा चिकट लगदा दिसला, तर पंप थांबवून तो सायफनने ओढून घ्यावा आणि त्या प्रवाळाला इतरांपासून दूर ठेवावे, कारण तो लगदा शेजाऱ्यांवर पडला की तेही बाधित होतात. चामड्यासारखे मऊ प्रवाळ दिवसेंदिवस मिटून राहून मेणासारखी साल टाकतात; ही त्यांची नेहमीची सवय आहे, तिला हात लावू नये. झोअँथिड आणि पॅलिथोआ या बटणासारख्या दिसणाऱ्या मऊ जीवांबाबत सावधानता माणसासाठी आहे: त्यांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून त्यांना हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, ते घासू नयेत, आणि ते चिकटलेले खडक स्वच्छ करण्यासाठी उकळण्याचा विचार मनातही आणू नये, कारण वाफेतून झालेली विषबाधा माणसाला रुग्णालयात नेते.

औषधी द्रावणात बुडवण्याचा उपाय अशक्त प्रवाळांवर शक्यतो करू नये. कापलेल्या तुकड्यांना आयोडीनचे द्रावण वापरायचे असेल, तर बाटलीवरील प्रमाण आणि वेळ काटेकोरपणे पाळावी. सगळे प्रवाळ बादलीत हलवणे हाही बहुधा चुकीचा सुटकेचा मार्ग ठरतो, कारण नव्या बादलीत जिवाणूंची यंत्रणा नसते आणि अमोनिया काही तासांतच चढू शकतो. मुख्य टाकी खरोखरच राहण्याजोगी नसेल आणि जवळ दुसरी जुनी रीफ टाकी असेल, तरच हलवावे, तेही पाण्याचे तापमान व लवणता जुळवून.

अन्नाबद्दल थोडेच. पहिले तीन-चार दिवस प्रवाळांना काही भरवू नये आणि माशांचे अन्न निम्मे करावे. नंतर, स्पर्शिका बाहेर येऊ लागल्यावर, अगदी थोडे रोटिफर (सूक्ष्म प्राणी) किंवा बारीक केलेले मायसिस (कोळंबीसारखे छोटे जीव) द्यावे. शैवाले गमावलेल्या प्रवाळाला हे अन्न उपयोगी पडते. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याची घाई नको. नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या आसपास असेल तर त्यांना हात लावू नये.

पुढचे आठवडे

पहिला आठवडा रोज, दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाआड अल्कॅलिनिटी, लवणता आणि अमोनिया मोजावेत, आणि त्याच प्रकाशात, त्याच जागेवरून प्रवाळांची छायाचित्रे घ्यावीत. रोज पाहणाऱ्या डोळ्याला बदल दिसत नाही. दोन आठवड्यांपूर्वीचे चित्र शेजारी ठेवले की दिसतो. सुधारणा साधारण अशी येते: आधी ऊती सुटणे थांबते, मग गोगलगायी पुन्हा काचेवर चढतात, मग रात्री स्पर्शिका दिसू लागतात, त्यानंतर फिकट तपकिरी रंग परततो, आणि जातीचा मूळ रंग सर्वांत शेवटी. अल्कॅलिनिटीचा खप पुन्हा वाढू लागला, तर तो डोळ्यांना दिसणाऱ्या कोणत्याही खुणेपेक्षा अधिक भरवशाचा पुरावा आहे, कारण त्याचा अर्थ सांगाडा पुन्हा बांधला जात आहे. या सगळ्याला आठवडे लागतात, मोठ्या वसाहतींना कित्येक महिने.

बाहेर काढलेली निर्दोष उपकरणे एक-एक करून, प्रत्येकामध्ये किमान आठवड्याचे अंतर ठेवून परत बसवावीत. नवे प्रवाळ किंवा नवे मासे या काळात घेऊ नयेत. दुसरी आयसीपी तपासणी साधारण महिन्याने करावी आणि पहिल्या नमुन्याशी तिची तुलना करावी.

तांब्याचे प्रकरण असेल तर त्याचा पाठपुरावा अधिक काळ करावा लागतो, कारण खडक आणि वाळू तांबे धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण घटले की ते हळूहळू परत सोडतात. म्हणून पाणी स्वच्छ आले तरी रेझिन काही आठवडे लावूनच ठेवावे. रेझिन पुन्हा पुन्हा भरत असेल आणि तपासणीत तांबे कायम दिसत असेल, तर आधी वाळू थोड्याथोड्या पट्ट्यांनी काढून टाकावी, आणि तरीही फरक पडला नाही तर खडक बदलावेत. एका वेळी एकूण खडकांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक नव्हे, दोन बदलांमध्ये तीन-चार आठवडे ठेवून, आणि प्रत्येक बदलानंतर आठवडाभर रोज अमोनिया मोजून.